पहिलं वेबकॉमिक: स्वतःचं स्वतः शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघी बहिणी. ताई लिहिते, मी चित्रं काढते. चित्रकलेचं शिक्षण दोघींनीही घेतलेलं नाही. आजवर तीन छोटी वेबकॉमिक्स, म्हणजे इंटरनेटवर वाचायच्या चित्रकथा, पूर्ण झाली आणि त्याआधी एक मोठं अर्ध्यात सुटलं. नव्याने सुरुवात करणारे आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळ्यांना एकच पद्धत जमेल असं नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट आम्ही स्वतः करून पाहिली आहे.

मला चित्र फारसं चांगलं काढता येत नाही. तरी वेबकॉमिक करता येईल?

येईल. कॉमिक वाचणारा माणूस चित्र बघत थांबत नाही, तो चित्र वाचत पुढे जातो. कोण आहे, कुठे आहे, काय चाललंय आणि चेहऱ्यावर काय आहे, एवढं त्याला क्षणात कळलं की तुमच्या चित्राने आपलं काम केलं.

२००५ साली सुरू झालेलं 'एक्सकेसीडी' हे वेबकॉमिक जवळजवळ पूर्णपणे काड्यांच्या माणसांवर चालतं. जपानमध्ये 'वन' या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकाराने २००९ मध्ये 'वन-पंच मॅन' इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्याची चित्रं अगदी ओबडधोबड होती. वाचक गोष्टीसाठी येत राहिले आणि पुढे २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने तीच गोष्ट नव्याने काढली. त्याहून मागे जायचं तर चित्रकथेच्या आद्य कर्त्यांमध्ये ज्यांचं नाव घेतात ते रोडॉल्फ टॉप्फर स्वित्झर्लंडमध्ये शाळामास्तर होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना रंगचित्रकार होता आलं नाही. मग ते रेघांच्या चित्रांत गोष्टी सांगू लागले आणि १८३३ मध्ये त्यांची पहिली चित्रकथा छापून आली.

एक कसब मात्र लागतंच: तुमचं पात्र प्रत्येक चौकटीत तेच वाटलं पाहिजे. त्यासाठी पात्र साधं ठेवा. आमच्या पहिल्या नायिकेच्या कुडत्यावर मी नक्षी काढली होती. चौथ्या चौकटीपर्यंत ती नक्षी प्रत्येक वेळी वेगळी झाली. आता मी पात्र ठरवताना त्याची आकृती पूर्ण काळी भरून बघते. नुसत्या सावलीवरून ओळखू आलं तर ते पात्र घ्यायचं. नाहीतर केस, उंची, खांदे, पिशवी यांतलं काहीतरी बदलायचं.

डोक्यात शंभर भागांची गोष्ट तयार आहे. तीच सुरू करू का?

ती वहीत लिहून ठेवा. जपून ठेवा. पण पहिली म्हणून ती घेऊ नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आम्ही तेच केलं होतं. तीन राज्यं, दोन घराणी, नकाशासुद्धा तयार होता. अकरा पानं झाली आणि थांबलो. कंटाळा आला नव्हता. झालं असं की अकराव्या पानापर्यंत माझा हात सुधारला होता, पहिली पानं बघवत नव्हती, आणि गोष्ट अजून दारातच उभी होती. शेवट कधी येणार ते दिसत नसेल तर रोज संध्याकाळी टेबलाशी बसायला फार बळ लागतं.

त्यानंतर ताईने चोवीस चौकटींची गोष्ट लिहिली. एक मुलगी चांदण्या बघायला गच्चीवर जाते, वाऱ्याने दार लागतं, आतली कडी पडते. बस्स. ती पूर्ण झाली. त्या चोवीस चौकटींनी आम्हाला त्या अकरा पानांपेक्षा कितीतरी जास्त शिकवलं, कारण शेवटची चौकट काढल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत: शेवटच्या फुग्यात (संवाद लिहितात त्या गोलात) किती शब्द हवेत, मध्य कुठे लांबला, कोणती चौकट काढून टाकली तरी चाललं असतं, फाइल चढवताना काय बिघडतं. अर्धवट कामातून तुम्ही फक्त सुरुवात करायला शिकता, आणि सुरुवात तर सगळ्यांना येतेच.

वीस ते चाळीस चौकटी, दोन-तीन पात्रं, एक जागा, एक अडचण. एवढं पुरे. तुमच्या मोठ्या गोष्टीतल्या एखाद्या पात्राच्या लहानपणचा प्रसंग घेतला तरी चालेल, म्हणजे ते जग सुटत नाही.

गोष्ट सुचली आहे. चौकटींत कशी बसवायची?

गच्चीच्या गोष्टीतलंच एक वाक्य घेऊ. ताईने आधी लिहिलं होतं, 'दार बंद होतं आणि ती घाबरते.' मी त्याची एक चौकट काढली: बंद दार, शेजारी घाबरलेली मुलगी. सगळं कळत होतं, पण वाटत काहीच नव्हतं.

मग आम्ही जमिनीवर कागद पसरून बसलो आणि त्या वाक्याच्या पाच चौकटी केल्या. पहिलीत मुलगी पाठमोरी, मान वर, मागे दार अर्धं उघडं. दुसरीत फक्त दार, जरासं हललेलं, एकही शब्द नाही. तिसरीत अख्खी चौकट भरून 'धाडकन'. चौथीत दाराची आतली बाजू आणि खाली पडलेली कडी. पाचवीत खूप लांबून दिसणारी रिकामी गच्ची आणि कोपऱ्यात एवढीशी मुलगी, नुकतीच वळलेली. ती घाबरलीय हे कुठेही लिहिलेलं नाही. कडी पडल्याचं वाचकाला तिच्याआधी कळतं, म्हणून पाचव्या चौकटीत भीती आधी वाचकाला वाटते.

यातून आम्ही काही सवयी लावून घेतल्या. एका चौकटीत एकच मुख्य क्रिया ठेवायची. 'ती उठते, खिडकीपाशी जाते आणि पडदा ओढते' हे एका चित्रात मावत नाही. नवी जागा आली की एकदा तरी ती लांबून दाखवायची. दोन पात्रं बोलत असतील तर डावीकडची डावीकडेच आणि उजवीकडची उजवीकडेच ठेवायची, नाहीतर चौकट बदलली की वाचक गोंधळतो. जे चित्रात दिसतंय ते निवेदनात पुन्हा लिहायचं नाही. हे शेवटचं ताईला फार जड गेलं. तिने लिहिलेली सुंदर वाक्यं मला खोडायला लागायची आणि दोघींनाही वाईट वाटायचं. पण 'पाऊस कोसळत होता' हे वाक्य कोसळणाऱ्या पावसावर लिहिलं की दोन्ही फिके पडतात.

पटकथेचा ठरावीक साचा नाही. चौकटीचा क्रमांक, काय दिसतं, कोण काय बोलतं, एवढं लिहिलं तरी काम होतं.

थंबनेल वगळून थेट चित्र काढायला घेतलं तर?

घेऊ नका. थंबनेल म्हणजे संपूर्ण गोष्टीचं नखाएवढं कच्चं रूप. चेहऱ्यांऐवजी गोल, फुग्यांऐवजी लांबट गोळे. एका संध्याकाळी अख्खी गोष्ट काढून होते. मग ती अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि त्याला मोठ्याने सांगायला लावा. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. या टप्प्यावर चौकट बदलायला एक मिनिट लागतं, रंग भरून झाल्यावर अख्खा दिवस जातो.

पान करावं की खाली सरकवत वाचायची लांब पट्टी?

वाचक फोनवर असतील तर उभी पट्टी सोयीची. दक्षिण कोरियात २००० नंतरच्या दशकात ही पद्धत रुजली आणि आता जगभर 'वेबटून' म्हणून ओळखली जाते. पुढे पुस्तक छापायची इच्छा असेल तर पानाच्या मापातच काढा, कारण उभी पट्टी कापून पानांत बसवणं म्हणजे जवळजवळ पुन्हा काढणं. उलट दिशेने तेवढं अवघड नाही, चौकटी सुट्या करून एकाखाली एक लावता येतात.

उभ्या पट्टीत सर्वात मोठं हत्यार म्हणजे दोन चौकटींमधली मोकळी जागा. ती जागा म्हणजे वेळ. आजच्या बहुतेक फोनचा पडदा साधारण ९ ला २० या प्रमाणात असतो. म्हणजे पट्टी ८०० पिक्सेल रुंद असेल तर एका वेळी सुमारे १,७८० पिक्सेल उंची दिसते. गप्पा चालू असताना आम्ही दोन चौकटींमध्ये १५० ते २५० पिक्सेल सोडतो. रात्र सरली, माणूस गप्प झाला, असं दाखवायचं असेल तर हजारापर्यंत जातो, म्हणजे निम्मा पडदा रिकामा सरकतो. गच्चीवरच्या 'धाडकन'च्या आधी अशीच लांब काळी जागा आहे. वाचणाऱ्याचं बोट सरकत राहतं आणि काहीतरी होणार हे त्याला जाणवतं.

आणि हो, काम करताना दर तासाला ते फोनवर उघडून बघा. मोठ्या पडद्यावर जे छान दिसतं ते हातातल्या फोनवर कित्येकदा वाचताच येत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? टॅब्लेट नसेल तर?

कागद, पेन्सिल, काळं पेन आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर पहिलं कॉमिक होतं. दिवसाच्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा आणि कागद पांढराशुभ्र, रेघ काळीभोर होईपर्यंत लेव्हल्स (फोटोतला उजेड-काळोख कमीजास्त करायचं साधन) ओढा.

संगणकावर काढायचं तर 'क्रिटा' मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्यात कॉमिकसाठी लागणारं जवळपास सगळं आहे. 'मेडिबँग' आणि 'आयबिस पेंट' फोनवरही चालतात. 'क्लिप स्टुडिओ पेंट' विकत घ्यावं लागतं, पण चौकटी आखायची त्याची साधनं खरोखर वेळ वाचवतात. 'प्रोक्रिएट' फक्त ॲपलच्या उपकरणांवर. यांतलं कुठलंही एक निवडा आणि पहिली गोष्ट संपेपर्यंत बदलू नका. दर आठवड्याला नवं ॲप आणि नवा ब्रश शोधण्यात आमचा एक अख्खा महिना गेला.

दुसऱ्यांच्या फाइली उघडून बघायच्या असतील तर डेव्हिड रेवॉय यांचं 'पेपर अँड कॅरट' बघा. हे वेबकॉमिक २०१४ पासून क्रिटामध्ये काढलं जातं आणि लेअरसकट (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांसकट) मूळ फाइली कुणालाही उतरवून घेता येतात. कच्चं चित्र, रेघ, सपाट रंग, सावली हे सगळं एकेक लेअर बंद-चालू करून मी तासन्‌तास बघितलंय. स्वतः शिकणाऱ्याला शेजारी बसून काम करणारा माणूस मिळत नाही. ती उणीव या फाइलींनी बरीच भरून काढली.

फाइलचं माप किती ठेवू?

'वेबटून' याच नावाच्या साइटवर, कुणालाही कॉमिक टाकता येतं त्या खुल्या विभागात, चित्र ८०० पिक्सेल रुंद आणि एक तुकडा जास्तीत जास्त १,२८० पिक्सेल उंच चालतो. टॅपास या दुसऱ्या साइटवर रुंदी ९४० आहे. हे आकडे बदलू शकतात, म्हणून भाग चढवण्याआधी तिथलं मदतीचं पान बघून घ्या. काढताना दुप्पट रुंदीवर काढा आणि शेवटी लहान करा, रेघ स्वच्छ येते. छापायचा विचार असेल तर छापायच्या मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवं. पट्टीचे तुकडे करताना कात्री नेहमी मोकळ्या जागेतून चालवा, चेहऱ्यातून किंवा फुग्यातून नको. सपाट रंग आणि अक्षरं असलेली चित्रं पीएनजीत चांगली राहतात, जेपीईजीत अक्षरांच्या कडेला धूळ उडाल्यासारखी दिसते.

मूळ लेअरची फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. माझा टॅब्लेट एकदा अचानक बंद पडला आणि नऊ चौकटी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

हात, पाय, खुर्च्या, जिने जमत नाहीत. फोटो बघून काढणं म्हणजे फसवणूक का?

नाही. स्वतःचा फोटो काढा, हवी ती मुद्रा करा आणि बघून काढा. ताईने माझ्यासाठी दार ढकलतानाचे, जिन्यावर बसलेले, ओरडतानाचे कितीतरी फोटो दिले आहेत. दुसऱ्याने काढलेला फोटो किंवा चित्र जसंच्या तसं गिरवणं मात्र वेगळी गोष्ट, ते काम त्या माणसाचं आहे.

पार्श्वभूमी प्रत्येक चौकटीत लागत नाही. जागा एकदा नीट दाखवली की पुढच्या चार-पाच चौकटींत नुसता रंग किंवा कठड्याची एक रेघ पुरते. वाचक ती जागा मनात धरून ठेवतो.

मराठी अक्षरं कशी टाकायची? माझी जोडाक्षरं तुटतात.

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत फक्त रोमन लिपीचा विचार असतो आणि आपण एकटे पडतो.

आधी सॉफ्टवेअर तपासा. रिकाम्या पानावर हे टंकून बघा: ऱ्या, र्क, क्ष, ज्ञ, ट्र, द्ध, ह्म, त्त्व, कि, रू, ॲ, ऑ. पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसली किंवा पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली, तर ते ॲप देवनागरी नीट जुळवत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टाइपच्या सेटिंगमधला 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय निवडावा लागतो. चित्राच्या ॲपमध्ये काहीच जमत नसेल तर चित्र तिथे पूर्ण करा आणि अक्षरं इंकस्केप किंवा गिंपमध्ये टाका. दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत जोडाक्षरं नीट जुळतात.

फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीचा. 'कलम' हा हस्ताक्षरासारखा फॉन्ट आहे, बोलण्याला छान वाटतो. 'बालू २' गोलसर आणि ठसठशीत, मुलांच्या गोष्टीला चालतो. 'मुक्ता' निवेदनाला चांगला. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात, म्हणजे कॉमिक पुढे विकलं तरी अडचण नाही. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी डोळ्याला लगेच खुपतात. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं, तेवढं तपासून घ्या.

आता ओळींमधलं अंतर. रोमन अक्षरांना जे अंतर पुरतं ते आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार किंवा मात्रा एकमेकांत घुसतात. 'तू' च्या खाली 'र्कै' आलं की बघा. अक्षराच्या मापाच्या सव्वा ते दीडपट अंतर आम्ही ठेवतो. ८०० पिक्सेल रुंदीच्या पट्टीत आमचं अक्षर ३४ ते ४० पिक्सेलचं असतं. त्याखाली गेलं की अनुस्वार दिसेनासा होतो, आणि अनुस्वार गेला की 'केलं' चं 'केल' होतं.

जोर द्यायला आपल्याकडे मोठी लिपी नाही, तो ठळकपणाने, आकाराने किंवा वाक्यरचनेने द्यायचा. अक्षरं एकमेकांपासून लांब नेऊन जोर देऊ नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाची माळ ओघळल्यासारखी दिसते.

ओळी कुठे तोडायच्या हेही ठरवून करा. आमच्या मुलीच्या तोंडी एक वाक्य आहे: 'ताई, दार उघड ना! मी वर अडकलेय!' मी आधी फुग्याच्या रुंदीप्रमाणे तोडलं होतं:

ताई, दार
उघड ना! मी
वर अडकलेय!

ताई म्हणाली, 'हे वाचताना मला धाप लागतेय, पण नको त्या ठिकाणी.' मग असं केलं:

ताई,
दार उघड ना!
मी वर
अडकलेय!

श्वास जिथे घेतला जातो तिथे ओळ तुटली. मराठीत शब्द लांब होतात, 'विचारल्यावरसुद्धा' सारखा एकच शब्द अख्खी ओळ खातो. तो मध्ये तोडू नका. फुगा रुंद करा किंवा वाक्य बदला, 'विचारलं तरी' म्हणा. आणि संवाद बोलल्यासारखे लिहा. 'मी वर अडकले आहे' असं गच्चीवरून कुणी ओरडत नाही.

फुगे कुठे ठेवायचे?

आपण डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतो, म्हणून आधी बोलणारा शक्यतो डावीकडे आणि त्याचा फुगा वर. फुगे शेवटी चिकटवू नका, थंबनेलमध्येच त्यांची जागा राखा. मी सुरुवातीला चित्र पूर्ण करून मग फुगे बसवायचे आणि दर वेळी कुणाचा तरी हात किंवा कपाळ झाकलं जायचं. फुग्याची शेपटी तोंडाच्या दिशेने न्या, तोंडाला टेकवायची गरज नाही. एका फुग्यात वीसेक शब्दांपेक्षा जास्त होत असतील तर दोन फुगे करा.

आवाजाचे शब्द इंग्रजीतलेच घ्यावे लागतात का?

मुळीच नाही! नादाच्या शब्दांत मराठी अतिशय श्रीमंत आहे. दार धाडकन लागतं, काच खळकन फुटते, कापड टर्रकन फाटतं, पानं सळसळतात, पाणी ठिबकतं, पाय फतक फतक वाजतात. बिजागरी कर्रर्र करते. हे शब्द फॉन्टमध्ये न टंकता हाताने काढा, ते चित्राचाच भाग आहेत. आमच्या 'धाडकन' ची शिरोरेघ मी दाराच्या वरच्या चौकटीला जोडली आणि 'न' ला तडा दिला. पावसाच्या 'टप टप' मध्ये शिरोरेघच ठेवली नाही, अक्षरं थेंबांसारखी सुटी पडली. आपल्या लिपीत अशा किती जागा आहेत हे काढायला बसल्यावर कळतं.

रंग हवेतच का?

नाही. काळं-पांढरं आणि एक करडी छटा यावर सुंदर कामं होतात. रंग घेतलेच तर पाच-सहा ठरवून घ्या आणि तेच वापरा. चित्र मधूनमधून करड्या रंगात बदलून बघा. पात्र आणि पार्श्वभूमी एकमेकांत मिसळत असतील तर रंग कितीही गोड असले तरी चित्र वाचता येत नाही.

आम्ही दोघं मिळून करणार आहोत. भांडणं होऊ नयेत म्हणून काय करावं?

सुरू करण्याआधी एका कागदावर लिहा: पात्रं कुणाची, एकाने सोडलं तर दुसऱ्याने पुढे न्यायचं का, पैसे आले तर वाटणी कशी, नाव कुठे कुणाचं. बहिणी असलो तरी आम्ही लिहिलं. शेवटचा शब्द कुणाचा हेही ठरवा. आमच्याकडे संवादावर ताईचा, चित्रावर माझा, आणि एखादी चौकट ठेवायची की काढायची यावर दोघींचं एकमत लागतं. आणि लिहिणाऱ्यांना एक मनापासून विनंती: 'हजारोंचं सैन्य टेकडी उतरतं' हे लिहायला दहा सेकंद लागतात, काढायला आठवडा. एकदा स्वतः एक चौकट काढून बघा.

चित्रं एआयकडून करून घेतली तर?

शिकायचं असेल तर नको, असं आमचं ठाम मत आहे. चौकट कशी लावायची हे चुकीच्या चौकटी काढूनच कळतं, आणि नेमकं तेच काम हातातून जातं. शिवाय हक्काचा प्रश्न आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकबाबत निर्णय दिला: मजकूर आणि मजकूर-चित्रांची मांडणी यांना संरक्षण मिळालं, यंत्राने तयार केलेल्या चित्रांना मिळालं नाही.

दर आठवड्याला भाग टाकायलाच हवा का?

जमेल तेच वेळापत्रक जाहीर करा. पंधरा दिवसांनी एक भाग ठरलेल्या दिवशी आला तर वाचक थांबतात. पहिली गोष्ट छोटी असेल तर पूर्ण करूनच टाकायला लागा, आमचा हाच सल्ला आहे. मोठी असेल तर निदान चार-पाच भाग हाताशी ठेवून सुरू करा. ताप येतो, परीक्षा येतात, मनगट दुखतं. मनगट दुखलं तर थांबा. ते दुखणं अंगावर काढू नका, हात एकच उजवा आहे.

कुणी वाचतच नाही. काय करू?

पहिले महिने असेच जातात. आमच्या पहिल्या भागाला ओळखीचे सोडून जेमतेम काही वाचक होते. पण त्यांतल्या एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, 'कडी पडली तेव्हा मी उठून आमच्या गच्चीचं दार बघून आले.' तेवढ्यावर आम्ही दुसरी गोष्ट लिहिली. इतरांची कॉमिक्स वाचा आणि त्यांना नेमकं काय आवडलं ते सांगा. तुमच्यासारखेच सुरुवात करणारे तीन-चार जण मिळाले तर ते हजार अनुयायांपेक्षा मोलाचे ठरतात.

चित्र चोरीला गेलं तर? आणि पैसे मिळतात का?

बर्न करारात (लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) असलेल्या देशांत कृती तयार झाली की तिचा हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणीची अट नसते. तारखांसह कच्च्या फाइली जपून ठेवा, वेळ आली तर तोच तुमचा पुरावा. प्रत्येक भागाच्या शेवटी, चौकटीच्या आत, नाव लिहा. कुणी करार पुढे केला तर 'सर्व हक्क', 'कायमस्वरूपी' आणि 'एकमेव' हे शब्द शोधा आणि समजल्याशिवाय सही करू नका.

पैसे पहिल्या कॉमिकमधून येतील असं धरून चालू नका.

पहिली पानं आता वाईट दिसतात. पुन्हा काढू का?

नको, पुढची गोष्ट काढा. वाचताना अडथळा येत असेल तेवढंच दुरुस्त करा. आमच्या गच्चीच्या गोष्टीत आम्ही नंतर फक्त अक्षरं मोठी केली आणि दोन फुग्यांची जागा बदलली. सातव्या चौकटीत मुलीची वेणी डाव्या खांद्यावर आहे आणि आठवीत उजव्या. ती तशीच ठेवली आहे.